वेगळा फेन्स लावायचा असेल तर टेबल सॉ कोणती घ्यावी?

अमेरिकेत गराजमध्ये सुतारकाम सुरू करणाऱ्या आपल्या मंडळींची वाट बहुधा ठरलेली असते. मोठ्या दुकानातून एक सुटसुटीत पोर्टेबल टेबल सॉ घरी येते. पहिलं शेल्फ होतं, दुसरं होतं. मग ड्रॉवर करायला घेतले की कळतं, एकाच मापावर चिरलेल्या पट्ट्यांपैकी दोन-तीन अर्ध्या सुताने कमी भरतायत. दोष बहुतेक वेळा सॉबरोबर आलेल्या फेन्सचा असतो, म्हणून चांगल्या फेन्सचा शोध सुरू होतो. तो पसंत पडतो, पैसे जमतात, आणि मग लक्षात येतं की आपल्या सॉवर तो बसवायला जागाच नाही.

म्हणून सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करू. पुढेमागे वेगळा, अचूक फेन्स लावायचा हे मनात पक्कं असेल, तर सॉ कशी निवडायची, बघायला गेल्यावर काय तपासायचं आणि घरी आणल्यावर कुठलं काम आधी करायचं, ते इथे लिहिलं आहे. या फेन्सचा बाजार मुख्यतः अमेरिका-कॅनडात आहे, त्यामुळे लेखही तिथल्याच परिस्थितीला धरून आहे. पुण्या-मुंबईत हे करू पाहणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

अगदी नवखे असाल तर एवढं लक्षात ठेवा. टेबलाच्या मधून वर आलेलं गोल पातं फिरत असतं. त्याला समांतर उभी असलेली सरळ, जाड पट्टी म्हणजे फेन्स. फळी फेन्सला टेकवून पुढे ढकलायची, म्हणजे ती ठरलेल्या रुंदीची चिरली जाते. पात्याच्या दोन्ही बाजूंना टेबलात ज्या दोन खाचा असतात त्या मायटर स्लॉट. पातं ज्या दांड्यावर बसतं तो आर्बर, आणि आर्बरला वर-खाली व तिरकं करणाऱ्या यंत्रणेला टेबलाशी किंवा खोक्याशी धरून ठेवणारे बिडाचे ब्रॅकेट म्हणजे ट्रनियन.

## सॉ बघताना तिचा फेन्स बघूच नका

माझं सांगणं थोडक्यात असं: जे पुढे बदलता येत नाही त्यावर पैसे घाला. फेन्स बदलता येतो. पातं तर बदलतोच. पट्टा, पुली, स्विच, फार तर मोटारसुद्धा बदलता येते. आर्बरची बैठक, ट्रनियन आणि बिडाचं टेबल मात्र जसं मिळालं तसं आयुष्यभर वापरायचं असतं.

यातून खरेदीचा एक मोठा फायदा निघतो. जुन्या बाजारात, म्हणजे क्रेगलिस्टवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर, कितीतरी दणकट सॉ केवळ फेन्स खराब म्हणून स्वस्तात निघतात. फेन्स वाकलेला, लॉक होताना सरकणारा, कधी तर गायबच. बाकीचे गिऱ्हाईक अशा जाहिराती सोडून पुढे जातात. तुम्ही तिथेच थांबा. उलट नवी सॉ घेताना 'उत्तम फेन्ससह' म्हणून जास्त पैसे मोजणं तुमच्यासाठी व्यर्थ आहे, कारण तो फेन्स काढून भिंतीलाच टेकवून ठेवायचा आहे. काही विक्रेते मोठ्या सॉ फेन्सशिवाय किंवा वेगळ्या फेन्ससह देतात. डीलरला तसं थेट विचारावं.

## अचूकपणा नक्की कशाचा?

मापाचं एकक आधी ठरवू. यंत्रकामातले लोक इंचाच्या हजाराव्या भागाला थाउ म्हणतात. आपणही तेच म्हणू. प्रिंटरचा साधा कागद साधारण 4 थाउ जाड असतो. चांगला फेन्स दरवेळी त्याच जागी 2-3 थाउंच्या आत परत येतो. ऐकायला हे भारी वाटतं, पण त्याआधीच्या कड्या बघा.

आर्बरवर पातं ज्या चकतीला टेकतं ती फ्लँज अडीच-तीन इंच व्यासाची असते. तिथे फक्त 1 थाउ डगमग असेल, तर 10 इंची पात्याच्या कडेला ती तीन-चार थाउ होते. पातं स्वतः थोडं वाकडं असेल तर ते आणखी वेगळं. आता अशा सॉवर कितीही महागडा फेन्स लावा, काप तेवढाच खरबरीत येणार. पातं मायटर स्लॉटला समांतर नसेल तर फळीची मागची कड जळते, आणि वाईट म्हणजे माल पात्यात अडकून उसळू शकतो.

मग लाकडाला एवढ्या थाउंची पर्वा असते का, असा प्रश्न येतोच. रेड ओकची 12 इंच रुंदीची, फ्लॅट-सॉन (ओंडका सरळ थरांत चिरून काढलेली) फळी घ्या. तिच्यातला ओलावा 3 टक्क्यांनी बदलला की ती सुमारे एक सूत, म्हणजे 1/8 इंच, रुंदीत कमी-जास्त होते. हिवाळ्यात हीटर सुरू झाला की हे तुमच्या घरातच घडतं. तेव्हा 23.250 इंचाचा आकडा तीन दशांशांपर्यंत जपण्यात फारसं हशील नाही. खरा उपयोग पुनरावृत्तीचा आहे. आज चिरलेल्या आठ पट्ट्या एकमेकींशी जुळायला हव्यात, आणि एक पट्टी खराब झाली तर तासाभराने फेन्स पुन्हा त्याच जागी आणून नववी पट्टी तशीच निघायला हवी. ड्रॉवरचे जोड, कपाटाच्या दारांच्या चौकटी, बॉक्स जॉइंट यात हे जाणवतं. पुस्तकांच्या घडवंचीसाठी जाणवत नाही, हेही सांगून टाकतो.

## सॉचे चार प्रकार आणि कुणावर फेन्स बसतो

पोर्टेबल किंवा जॉबसाइट सॉ. वजन 50 ते 100 पौंड, ॲल्युमिनियमचं छोटं टेबल, आवाज करणारी युनिव्हर्सल मोटार. डीवॉल्टच्या सॉवर दातेरी रेलवर सरकणारा फेन्स येतो आणि या वर्गात तो चांगला आहे. पण गंमत अशी की तिथे फेन्स आणि रेल दोन्ही मिळून आत-बाहेर होतात. बाहेरचा फेन्स लावायला बोल्ट मारावेत अशी सरळ, जाड कड टेबलाला नसते. माझं मत स्पष्ट आहे: यावर वेगळा फेन्स लावायच्या फंदात पडू नका. लोकांनी लाकडी बाकात सॉ बसवून, बाकाला रेल ठोकून असे प्रयोग केले आहेत. पण मग फेन्सचा संदर्भ बाकाशी आणि पात्याचा सॉशी, असा दोन घरचा पाहुणा होतो आणि दोन्ही थोडे जरी हलले की सगळं जुळवणं परत.

कॉन्ट्रॅक्टर सॉ. बिडाचं टेबल, खाली चार पाय, मोटार मागे लोंबकळणारी आणि पट्ट्याने आर्बर फिरवणारी. वजन साधारण 200 ते 300 पौंड. यांचा ट्रनियन टेबलाच्या खालच्या बाजूला बोल्टने धरलेला असतो. म्हणजे पातं समांतर करायचं तर टेबलाखाली डोकं घालून, बोल्ट सैल करून, मागचा ट्रनियन हलके ठोकत सरकवायचा. किचकट आहे, पण एकदाच करायचं काम. डेल्टाच्या आणि क्राफ्ट्समनच्या जुन्या सॉ या वर्गात ढिगाने मिळतात आणि वेगळा फेन्स लावून सर्वात जास्त फरक याच सॉमध्ये पडतो.

हायब्रिड. मोटार आत घेतलेली, खोकं बंद किंवा अर्धं बंद, ताकद दीड ते दोन एचपी. घरच्या 120 व्होल्टवर चालणारं, भुसा जरा नीट गोळा होणारं मधलं यंत्र. यातल्या काहींचा ट्रनियन टेबलाला असतो, काहींचा खोक्याला. मॅन्युअल उघडून बघा; खोक्याला असेल तर ती उचला.

कॅबिनेट सॉ. डेल्टाची युनिसॉ 1939 सालची, आणि आजच्या बहुतेक कॅबिनेट सॉ त्याच कल्पनेवर उभ्या आहेत. ट्रनियन खोक्याला पक्का, टेबल वरून बोल्टने. पातं समांतर करायला फक्त टेबलाचे बोल्ट सैल करून टेबल फिरवायचं. 3 किंवा 5 एचपी, 240 व्होल्ट, वजन 400 पौंडांच्या वर. जागा, वीज आणि पैसे असतील तर यावर विचार करण्यासारखं फार काही उरत नाही.

## बघायला जाण्याआधी गराजमध्ये टेप घेऊन फिरा

फेन्सची लांबी आधी ठरवा, कारण सॉची जागा ती ठरवते. उजवीकडे 30 इंचांपर्यंत चिरणाऱ्या सॉची एकूण रुंदी पाच फुटांच्या पुढे जाते. 50-52 इंचांची सात फुटांच्या घरात. प्लायचा पूर्ण ताव 48 बाय 96 इंच असतो. त्याचे दोन भाग करायला 24 इंच पुरतात. पूर्ण ताव एकट्याने टेबलावर चढवणं हे तसंही त्रासाचं आणि धोक्याचं. तो ट्रॅक सॉने किंवा हातातल्या सर्क्युलर सॉने जमिनीवर फोमवर ठेवून आधी फोडावा. म्हणून एका गाडीच्या गराजमध्ये 30-36 इंचांचा संच घ्या आणि 52 इंचांचा मोह सोडा.

इन्क्रा कंपनीच्या फेन्सचा (त्याबद्दल पुढे लिहिलं आहे) विचार असेल तर आणखी एक गोष्ट मोजायला हवी. त्यात फेन्स एका लांब दांड्याच्या टोकाला असतो. फेन्स पात्यापासून जसजसा दूर जातो तसतसा तो दांडा उजवीकडे, टेबलाच्या बाहेर निघतो. तिथे भिंत किंवा वॉटर हीटर असेल तर संच 32 इंचांचा असूनही तुम्हाला 32 इंच मिळणार नाहीत.

विजेचं गणितही आत्ताच करून टाका. 120 व्होल्ट, 15 अँपिअरच्या सर्किटवर 1800 वॉट मिळतात. त्यातून खरोखर दीड ते पावणेदोन एचपीच निघते, खोक्यावर काहीही छापलेलं असो. पाऊण इंची लाकडाला ती भरपूर आहे. दोन इंच जाड मेपल रोज चिरायचा असेल तर 240 व्होल्टची स्वतंत्र लाइन लागेल आणि ती परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच ओढून घ्यावी. भाड्याच्या घरात असाल तर हा प्रश्न तिथेच मिटतो.

## सॉ समोर आल्यावर

सोबत न्यायचं सामान: सरळ पोलादी पट्टी, गुण्या, टॉर्च, फीलर गेज, जमल्यास चुंबकी बैठकीचा डायल इंडिकेटर (थाउंची हालचाल सुईने दाखवणारा), आणि पाऊण इंच रुंद, 3/8 इंच जाड अशी एखादी पट्टी किंवा तुमचा मायटर गेज (मायटर स्लॉटमध्ये सरकवून फळी आडवी कापायचं साधन).

पहिलं काम प्लग काढायचं. मग पातं काढा आणि आर्बर बोटांत धरून वर-खाली, आत-बाहेर हलवून बघा. जरासाही खुळखुळा लागला तर बेअरिंग गेलं आहे. बेअरिंग बदलता येतं, पण किमतीत तेवढं कमी झालं पाहिजे. हाताने फिरवताना रवाळ लागतंय का तेही कळतं. डायल इंडिकेटर असेल तर टोक फ्लँजच्या सपाट तोंडावर, बाहेरच्या कडेजवळ टेकवा आणि आर्बर हाताने सावकाश एक फेरा फिरवा. सुई 1 थाउच्या आत राहिली तर निर्धास्त व्हा. सुई झोके घेत 3-4 थाउ फिरली तर आधी फ्लँज कापडाने पुसून परत बघा, कारण लाकडाचा डिंक आणि भुसा तिथे हमखास चिकटलेला असतो. पुसूनही तेच येत असेल तर ही सॉ तुमच्यासाठी नाही. फेन्सने हा दोष झाकला जात नाही.

टेबलावर पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून खालून प्रकाश बघा. बिडाच्या टेबलावर वरवरचा गंज असला तर घाबरू नका. मिनरल स्पिरिट आणि घासणीने तो तासाभरात निघतो, आणि त्याच्या नावाखाली भावही पाडता येतो. खड्डे पडलेला गंज आणि तडे मात्र बघूनच परत फिरावं. तडे विशेषतः मायटर स्लॉटच्या टोकाला आणि पंखांच्या, म्हणजे टेबल रुंद करायला बाजूला जोडलेल्या भागांच्या, बोल्टांभोवती शोधा.

मग मायटर स्लॉट. तुमची पट्टी पूर्ण लांबीत सरकली पाहिजे. काही जुन्या आणि बऱ्याच छोट्या सॉचे स्लॉट वेगळ्याच मापाचे असतात. तसं असेल तर बाजारातले मायटर गेज आणि स्लेड (फळी धरून स्लॉटमधून सरकणारे पाट) त्यात चालत नाहीत.

पातं पूर्ण वर, पूर्ण खाली, 45 अंशांत तिरकं, परत सरळ. चाक मध्येच जड झालं तर बहुधा भुसा अडकलेला असतो. पण तिरकं करून परत आणल्यावर पातं आधीच्या जागी येत नसेल तर ट्रनियनमध्ये गोम आहे.

शेवटी पातं बसवून सुरू करा. टेबलावर निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, कडेवर उभं करून सॉ सुरू करायची जुनी अमेरिकन पद्धत आहे. कॅबिनेट सॉवर नाणं उभं राहावं. कॉन्ट्रॅक्टर सॉवर पडलं तर लगेच निकाल देऊ नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पट्ट्याला बाक येतो आणि तो धक्के देतो.

## रेल कुठे बसणार?

नवखा माणूस नेमका इथे चुकतो, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक फेन्सचा सगळा भार टेबलाच्या पुढच्या कडेला बोल्टने धरलेल्या रेलवर असतो. तेव्हा त्या कडेकडे निरखून बघा. ती जाड, रंधलेली, टेबलाशी काटकोनात हवी. आधीच्या फेन्सची भोकं असतील तर त्यांची मापं, वरच्या पृष्ठभागापासूनचं अंतर धरून, कागदावर उतरवून घ्या. मग फेन्सवाल्या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून बघा. भोकं जुळली नाहीत तरी काही अडत नाही. बीड ड्रिल करायला सोपं असतं. त्याला तेलही लागत नाही. लांब कुरळ्या साली न निघता शिसपेन्सिलीच्या पुडीसारखी काळी भुकटी पडते. भोक पाडून टॅपने आटे पाडा, फक्त टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवा. घाई केली तर टॅप आत मोडतो, आणि मोडका टॅप बाहेर काढण्यात रविवार जातो.

रेलची उंची मायटर स्लॉटच्या तळाच्या खाली राहायला हवी, नाहीतर मायटर गेजची पट्टी पुढून आत शिरणार नाही. पुढचं चाक 45 अंशांपर्यंत फिरवताना मूठ रेलला लागते का ते बघा. स्विच बहुधा आहे तिथून हलवावा लागतो. मागच्या बाजूला कॉन्ट्रॅक्टर सॉची मोटार आणि जुन्या गार्डचा ब्रॅकेट मागच्या रेलला अडतो का, तेही पातं तिरकं करून तपासा.

टेबलाची खोलीही मोजा. पूर्ण आकाराच्या सॉची ती सर्वसाधारणपणे 27 इंच असते आणि बहुतेक फेन्स त्याच हिशोबाने बनतात. बाजूचे पंख पत्र्याचे असतील तर त्यांची पुढची कड मधल्या टेबलाशी एका रेषेत आहे का, ते पट्टी लावून बघा. पंख पुढे आलेला असेल आणि तुम्ही रेल तशीच आवळली, तर रेल वाकते. मग फेन्स डावीकडे समांतर आणि उजवीकडे तिरका, असा भुताटकीसारखा प्रकार सुरू होतो आणि माणूस फेन्सला शिव्या देतो. उपाय साधा आहे: पंखाच्या आणि रेलच्या मध्ये किंवा मधल्या टेबलाच्या आणि रेलच्या मध्ये पातळ पत्र्याचे तुकडे सारून रेल सरळ ठेवायची.

## फेन्स कुठला?

ॲरिझोनाच्या बिल बिझमायर यांच्या नावाने ओळखला जाणारा टी-स्क्वेअर फेन्स आज सर्वत्र दिसतो. पुढे जाड चौकोनी पोलादी नळी, तिच्यावर घट्ट बसणारं रुंद डोकं, आणि डोक्याला काटकोनात जोडलेला लांब फेन्स. फक्त पुढे पकड घेतो, मागे नुसता टेकतो. सॉस्टॉपचा टी-ग्लाइड, शॉप फॉक्सचा क्लासिक ही सगळी याचीच भावंडं. दणकट, समजायला सोपा, नवख्याला माझी पहिली शिफारस हाच.

वेगा (Vega) कंपनीचा फेन्स गोल नळीवर चालतो आणि त्याला बारीक सरकवायचा स्क्रू असतो. पाव सुताच्या आतलं सरकवणं हाताने ठोकत करायचा कंटाळा असेल तर हा आवडेल.

इन्क्राचा टीएस-एलएस वेगळ्याच घराण्यातला. त्याच्या दांड्यात इंचाला 32 आट्यांचा स्क्रू असतो. खटका सोडला की फेन्स दर 1/32 इंचावर आपोआप ठरलेल्या जागी बसतो. आपल्या सुतारी हिशोबात हे बरोबर पाव सूत. मधलं माप हवं असेल तर गोल बटन फिरवून 1-1 थाउ पुढेमागे करता येतं. जोडकाम, बॉक्स जॉइंट, सारखी मापं बदलणं यात याला तोड नाही. पण हा पुढच्या-मागच्या दोन्ही रेल्सवर बसतो, म्हणून टेबलाच्या दोन्ही कडा नीट हव्यात, जोडणीला पूर्ण शनिवार जातो, आणि उजवीकडचं टेबल तो खाऊन टाकतो. ज्याला मोठे प्लायचे तुकडेच चिरायचे आहेत त्याने टी-स्क्वेअरवर समाधान मानावं.

एका बारकाव्याकडे कुणी लक्ष देत नाही. पातं डावीकडे झुकणाऱ्या सॉमध्ये फ्लँज उजव्या बाजूला, म्हणजे फेन्सच्या बाजूला असते. पातं जाड लावा की पातळ, वाढ डावीकडे होते आणि फेन्सची मापपट्टी जवळजवळ खरी राहते. उजवीकडे झुकणाऱ्या सॉमध्ये पात्याची जाडी बदलली की शून्य हलतं. 'जवळजवळ' म्हणालो, कारण दात पात्याच्या अंगापासून किती बाहेर आलेले आहेत ते दर पात्यात थोडं वेगळं असतं. थाउंच्या हिशोबात काम करणार असाल तर पातं बदलल्यावर एक चाचणी काप घेऊन शून्य पुन्हा जुळवाच. निवड असेल तर डावीकडे झुकणारी सॉ घ्या.

## जोडणीचा क्रम मोडू नका

आधी पातं मायटर स्लॉटला समांतर. पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून स्लॉटपासूनचं अंतर डायलने घ्या, मग तोच दात हाताने मागे फिरवून परत घ्या. तोच दात दोन्हीकडे वापरल्यामुळे पात्याचा वाकडेपणा मोजमापातून बाद होतो. फरक 3 थाउच्या आत आला की थांबा. मग पातं 45 अंशांत झुकवून हेच परत बघा. कॉन्ट्रॅक्टर सॉमध्ये इथे फरक सापडतो.

त्यानंतर रेल. बोल्ट आधी सैल, पट्टीने सरळ, मग आवळणं.

त्यानंतरच फेन्स, आणि तोही पात्याकडे न बघता स्लॉटला समांतर करायचा. काही जण मागचं टोक पात्यापासून 1-2 थाउ लांब ठेवतात, म्हणजे चिरलेला माल मागच्या दातांना घासत नाही. ते चालेल. मागचं टोक पात्याकडे झुकलेलं मात्र कधीही चालणार नाही, कारण माल तिथे चिमटला की तुमच्याच पोटाकडे उसळतो.

## बोटं शाबूत राहावीत म्हणून

अमेरिकेत 2008 नंतर नव्या रचनेच्या टेबल सॉंना रायव्हिंग नाइफ यायला लागला. पात्यामागे, पात्याबरोबर वर-खाली होणारी ही पातळ पाटी चिरलेला माल पुन्हा मिटू देत नाही. जुन्या सॉवर ती नसते. अशी सॉ घेतली तर निदान स्प्लिटर (पात्यामागे तेच काम करणारी साधी पाटी) लावल्याशिवाय चिरायचं नाही. दोन सॉ बरोबरीच्या असतील तर रायव्हिंग नाइफवाली घ्या, थोडी महाग पडली तरी.

सॉस्टॉप हा प्रकार तुम्ही ऐकला असेल. बोट लागताच 5 मिलिसेकंदांच्या आत पातं थांबवणारी ही सॉ 2004 पासून बाजारात आहे. बजेट असेल तर घ्याच. तिच्यावर वेगळा फेन्सही लागतो. एवढंच, की फिरतं पातं ॲल्युमिनियमच्या फेन्सला लागलं तरी ब्रेक सुटतो, कारण धातूही वीजवाहकच. मग ब्रेकचं कार्ट्रिज आणि पातं, दोन्ही नवं. म्हणून अशा फेन्सवर लाकडी फळी चढवून ठेवा आणि शून्य त्या फळीवर धरा.

फेन्सला आडव्या कापाचा थांबा म्हणून वापरू नका. मायटर गेजने फळी ढकलताना तिचं टोक फेन्सला टेकलेलं असेल तर कापलेला तुकडा पातं आणि फेन्स यांच्यात अडकतो आणि सुटतो तो गोळीसारखा. मोजायला टेकू हवाच असेल तर फेन्सच्या पुढच्या भागात एक ठोकळा क्लॅम्प करा, पात्याच्या अलीकडेच संपणारा.

## पुण्या-मुंबईत हे जमवायचं असेल तर

भारतात दुकानातून मिळणाऱ्या टेबल सॉ, म्हणजे बॉश, डीवॉल्ट, मकिता, जवळजवळ सगळ्या पोर्टेबल वर्गातल्या. वर लिहिलेलं त्यांनाही लागू: आहे त्या फेन्सवर काम करा. दुसरा पर्याय पट्ट्यावर चालणाऱ्या देशी बिडाच्या सॉचा. टेबल आणि मोटार दणकट, पण बऱ्याच सॉवर रायव्हिंग नाइफ, गार्ड यांचा पत्ता नसतो आणि फेन्स नावापुरता. आर्बर आणि टेबल वर सांगितल्याप्रमाणे तपासून, स्प्लिटर बनवून घेऊन, अशा सॉवर टी-स्क्वेअर उत्तम बसतो.

अमेरिकेतून परतताना सॉच घेऊन यावी, असं काही जणांच्या मनात येतं. कॅबिनेट सॉची इंडक्शन मोटार 60 हर्ट्झची असते. इथल्या 50 हर्ट्झवर ती साधारण सतरा टक्के हळू फिरते आणि जास्त तापते. शिवाय तशी रचना नसेल तर लवकर जळते. मोटार बदलायची तयारी असेल तरच हा उद्योग करावा. पोर्टेबल सॉच्या युनिव्हर्सल मोटारीला हर्ट्झचं फारसं वाटत नाही, पण 120 व्होल्टसाठी दोन-तीन केव्हीएचा जड ट्रान्सफॉर्मर शेजारी ठेवावा लागतो.

फेन्सचं तसं नाही. विमानात चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून सर्वसाधारण मर्यादा 62 इंच, म्हणजे 158 सेंटिमीटर. लांब रेल त्यात मावत नाही, पण टी-स्क्वेअरचं डोकं आणि फेन्स मावू शकतो. 'व्हीएससी टूल्स'सारखे काही विक्रेते फेन्स देतात आणि रेल ग्राहकाने साध्या पोलादी नळीची करून घ्यायची असते. तीच पद्धत इथे उपयोगी पडते. फॅब्रिकेशनवाल्याकडून फेन्सच्या मापाची जाड एमएस (माइल्ड स्टील) नळी आणि एक अँगल आणा. नळी दुकानातच पट्टी लावून बघून निवडा, कारण गठ्ठ्यातल्या सगळ्या सरळ नसतात. आतून एक उभा वेल्डचा सांधा गेलेला असतो. तो ज्या भिंतीत आहे ती फेन्सच्या पकडीच्या बाजूला येऊ देऊ नका, तिथे पृष्ठभाग किंचित फुगलेला असतो. नळीला रंग देऊ नका. पॉलिश पेपर मारून मेण लावा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला पुन्हा लावा, नाहीतर कोकणपट्टीत गणपतीपर्यंत रेल तांबडी होते आणि फेन्सचं डोकं अडकायला लागतं.

नळीला भोकं पाडायचं काम वेल्डरवर सोडू नका. सॉ जागेवर, पंख बसवलेले, अशा स्थितीत नळी टेबलाला क्लॅम्प करून, खुणा स्वतः करून, मगच ड्रिल मशिनवर न्या.